शिळेवरची शिवी

अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना आक्षी लागतं. तिथला शके 934चा, म्हणजे इ.स. 1012चा शिलालेख मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक. त्याच्या अक्षरांचा फोटो कुणीही कुठेही लावावा. पंचाईत होते ती कोकणातल्या गद्धेगाळांपाशी. वर चंद्रसूर्य, मध्ये दानाचा मजकूर आणि तळाशी गाढव नि बाई यांचा संग. दान मोडणाऱ्याला त्याच्या आईवरून घातलेली ही दगडातली शिवी. शिलाहारांच्या काळापासून अशा शिळा उभ्या राहिल्या. 2015 साली कुरुश दलाल आणि सहकाऱ्यांनी रायगड जिल्ह्यातल्या अशा चार शिळांवर ‘एन्शंट एशिया’त लेख लिहिला, तोही सर्वांना खुला.

मी शिळांचे फोटो काढून विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाला चित्रं पुरवणाऱ्या खुल्या साठ्यात, चढवतो. ऊन तिरपं असतानाच झिजलेलं कोरीव काम उठून दिसतं. खालचा भाग कापून टाक, निदान धूसर कर, असं सुचवणारे भेटतात. मी तसं करत नाही. लेख वाचता येणारे त्या काळी गावात असे कितीसे असतील? बाकीच्यांसाठी हे चित्र होतं आणि बघणारा दचकावा हाच त्याचा हेतू. ते कापलं की उरतो जमिनीचा कागद.

पण ते दचकणं जमीन बळकावणाऱ्यासाठी होतं, समुद्रकिनाऱ्याची माहिती शोधणाऱ्या सातवीतल्या मुलीसाठी नव्हे. म्हणून खरं काम फोटो काढून झाल्यावर सुरू होतं. फाइलला ‘जुनी शिळा, रायगड’ असं भोंगळ नाव दिलं, तर ती नको तिथे समोर येते. ‘गद्धेगाळ’ हा शब्द नावातच हवा. विकिपीडियातल्या गावावरच्या लेखात किनारा आणि देऊळ. गद्धेगाळांवरच्या लेखात मात्र अख्खी शिळा, अगदी वर. 2011मध्ये विकिमीडिया फाउंडेशनच्या विश्वस्तांनी ठराव केला, त्यात वाचकाला अनपेक्षित धक्का बसू नये हे तत्त्व होतं. चित्रं झाकण्याची सोयही त्यात मागितली होती. मोठा वाद झाला आणि ती बारगळली. बरंच झालं. झाकायच्या चित्रांची यादी कुणीतरी केलीच असती आणि आमची शिळा तिच्यात पहिल्या फटक्यात गेली असती.

वर्णनात ‘अश्लील’ लिहीत नाही, ते माझं मत झालं. काय कोरलंय आणि कशासाठी, एवढंच लिहितो. मला स्वतःला त्यातली नग्नता खुपत नाही. जमीन लाटणार मुलगा आणि भोगणार त्याची आई, हे खुपतं. पण ते लिहायची जागा फाइलचं वर्णन नव्हे.

काही ठिकाणी हीच शिळा देव म्हणून पुजली जाते. तिथे आधी विचारतो. नको म्हणाले तर कॅमेरा पिशवीतच राहतो; पुजणाऱ्याने नाही म्हणणं याला मी सेन्सॉरशिप समजत नाही. हो म्हणाले तरी शेंदूर खरवडत नाही. वर्णनात लिहितो : तळचं शिल्प शेंदराखाली, स्पष्ट दिसत नाही.