वहीचा अंगरखा

गेल्या आषाढात आहुप्याच्या वाटेवर पावसाने गाठले. सदऱ्याच्या खिशातल्या वहीला रेक्झिनचे वेष्टन होते. त्याच्या खपल्या केव्हाच निघाल्या होत्या. घरी येऊन पाहतो तो शाई पानभर पसरलेली. तिथल्याच एका म्हातारीने सांगितलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यात होत्या. म्हातारी वैशाखातच गेली; आता विचारू कुणाला?

ज्या जुन्नरचा हातकागद एकेकाळी नावाजलेला, तिथल्याच मास्तराच्या वहीची ही दशा!

शेवटी बाजारातल्या एका वृद्ध चर्मकाराकडे गेलो. म्हटले, "बाबा, टिकेल असे काही द्या."

त्यांनी रापीने एक कातडे कापून कड दाखवली. "बघा गुरुजी, आतपर्यंत एकच रंग. बाभळीच्या सालीत नि हिरड्यात कमावलंय. खपली निघायची नाही. फक्त वर्षाकाठी तेल पाजा."

हिरडा! म्हातारी जन्मभर रानात वेचून विकीत आली, तोच.

आरीने भोके पाडून मेणाच्या दोऱ्याने त्यांनी कव्हर शिवले. नव्या वहीत मी वाचता आल्या तेवढ्या ओव्या उतरवल्या. अडीच भरल्या. उरलेली अर्धी तिच्या सुनेला येते म्हणतात. दिवाळीच्या सुट्टीत आहुप्याला जाणार आहे.