आधी दाब, मग तापमान

किलोच्या पैशांत प्रत्येक गिऱ्हाइकाला सव्वा किलो माल गेला, तर तक्रार कोणीच करणार नाही. वर्षअखेरीस पेढी मात्र तोट्यात जाईल. रासायनिक कारखान्यातील ऊर्ध्वपातन स्तंभही असाच गुपचूप तोटा करू शकतो. मिथेनॉल ६४.७ अंश सेल्सिअसला उकळते, पाणी १०० अंशांना. या फरकाच्या बळावर स्तंभात दोहोंची फारकत होते. नियंत्रण डळमळीत असले, की माल नापास होण्याच्या धास्तीने ऑपरेटर गरजेहून अधिक वाफ सोडतो. माल वाजवीपेक्षा शुद्ध निघतो आणि बॉयलरचे इंधन वाया जाते.

अशा एका स्तंभाची जबाबदारी व्यापारी घराण्यातील एका तरुण अभियंत्याकडे आली. रात्रपाळीचे जुने ऑपरेटर तापमानाचा नियंत्रक बंद ठेवून वाफेची झडप हातानेच चालवीत. "यंत्राला घाई फार," असे ते म्हणत. तरुणाने त्यांचे म्हणणे मोडीत काढले नाही. घाई कशाची, हे तो पाहू लागला.

दाब बदलला की उत्कलनबिंदू बदलतो, हे कुकर वापरणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक असते. दाबच हलता असेल, तर तापमान शुद्धतेची खरी साक्ष देत नाही. म्हणून त्याने प्रथम दाबाचे चक्र स्थिर केले. तापमापकाची जागाही त्याने तपासली. माथ्यावर जवळजवळ शुद्ध माल असल्याने तेथील तापमान फारसे हलत नाही; मिश्रण बदलताच जेथे तापमान सर्वाधिक बदलते, ती तबकडी निवडावी लागते.

मग तापमानाची पाळी आली. झिग्लर आणि निकोल्स या अमेरिकी अभियंत्यांनी १९४२ साली एक रीत मांडली होती. नियंत्रकाची तीव्रता वाढवत न्यावी, प्रक्रिया एकसारखी झुलू लागताच थांबावे आणि त्या तीव्रतेच्या सुमारे निम्म्यावर यावे. चालता स्तंभ असा झुलवण्यास ऑपरेटर राजी नव्हते. तेव्हा त्याने त्याच दोघांची दुसरी रीत घेतली. झडप हाताने किंचित उघडून तापमान किती वेळाने आणि किती बदलते, ते नोंदवले. त्यावरून आलेले आकडेही त्याने सौम्य केले. नियंत्रकाचा एक भाग आजची चूक पाहतो, दुसरा साचलेली थकबाकी वसूल करतो. वसुलीची घाई झाली, की तापमान लक्ष्य ओलांडून पलीकडे जाते.

आणखी एक पथ्य होते. वाफ वाढली की दाब वाढतो, आणि दाबाचा नियंत्रक कंडेन्सरचे थंड पाणी वाढवतो. दोन्ही चक्रे सारख्याच वेगाने धावली, तर ती एकमेकांशी भांडत राहतात. म्हणून तापमानाचे चक्र दाबाच्या चक्राहून बरेच संथ ठेवले.

त्यानंतर ऑपरेटरांनी नियंत्रक स्वतःहून चालू केला, आणि पहाटेपर्यंत झडपेला कोणी हात लावला नाही. वाफेची बचत पुढे टप्प्याटप्प्याने करता आली. स्तंभावर विश्वास बसल्याशिवाय जादा वाफ कमी करण्याचे धाडस कोणी केले नसते.