पात्याचा कोन

विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. चाकांवरचे लाकडी बैल ओढत पोरं घरोघर फिरतात, बोजारा गोळा करतात. सण सरला की इतरांचे बैल माळ्यावर जात. माझा मी वखराला जुंपायचो. ज्वारीच्या धांड्याचं खोड, तेलाच्या डब्याच्या पत्र्याची पास. अंगणातली माती मऊ, शिवाय वखर अडलाच तर हाताने पुढे ढकलायचा, तोंडाने आवाज काढायचा, झाली वखरणी. खेळण्यात एवढी लबाडी चालते.

मिनेसोटात ती चालेना. इथे नोव्हेंबर ते मार्च बर्फाचा मुक्काम. पहाटे राज्याच्या वाहतूक खात्याचे नारिंगी प्लाउ जाऊ लागले की मी अजूनही खिडकीशी जातो. (लोकांचाही त्यांच्यावर जीव. खातं त्यांच्या बारशाची स्पर्धा घेतं. २०२१ मध्ये पहिलं आलेलं नाव होतं ‘प्लाउई मॅक्प्लाउफेस’.) बघायचं असतं ते पातं. ते आतल्या बाजूला वळलेलं असतं; बर्फ त्यावर चढतो, स्वतःभोवती गुंडाळला जातो आणि तिरक्या पात्यावरून घरंगळत कडेला पडतो. ढकलण्यापेक्षा वळवण्याचंच काम जास्त.

मुलगी शाळेत असताना तिला रिमोटवरचा ट्रक आणला होता. एक-दशांश मापाचा, चारही चाकांना जोर, वजन तीनेक किलो. तिचा उत्साह उन्हाळ्यापुरता टिकला आणि हिवाळ्यात ट्रक माझ्या ताब्यात आला.

पीव्हीसी पाइपाची उभी फाक काढून पातं केलं. वळण आयतं मिळालं, पण कडाक्याच्या थंडीत पीव्हीसी ठिसूळ होतं. पायरीला धडकून एक कोपरा उडाला. मग खालच्या कडेला भाजी चिरायच्या पॉलिथिनच्या बोर्डची पट्टी स्क्रूने बसवली. चिवट, गुळगुळीत, आणि झिजली की बदलता येणारी. स्वयंपाकघरात नवा बोर्ड आणावा लागला, ते ओघानेच आलं.

खरा घोळ पातं उचलण्यात होता. रिमोटचा तिसरा चॅनल मोकळा होता. त्यावर एक सर्वो लावला आणि त्याचा दांडा सरळ पात्याच्या चौकटीला जोडला. पातं खाली दाबलं की ट्रकची पुढची चाकंच वर उचलली जायची आणि स्टिअरिंगला अर्थ उरायचा नाही. जरा वर घ्यावं तर पातं बर्फावरून नुसतं तरंगायचं. वखर शिकवताना बाबा म्हणायचे, “रुमण्यावर जोर नोको देऊ, पास आपल्या वजनानं जाऊ दे.” दांडा काढला आणि त्या जागी साखळी लावली. साखळीला ओढता येतं, ढकलता येत नाही. वर घेताना ती ताणली जाते. खाली सोडली की सैल पडते, आणि पातं जमिनीच्या चढउतारांवर आपल्या वजनाने टेकून चालतं. पिकअप ट्रकना लावायच्या कितीतरी मोठ्या प्लाउंनाही अशीच साखळी असते.

इतकं झालं तरी बर्फ लहान होत नाही. ट्रकची मापं दहा पटींनी घटवली की वजन हजार पटींनी घटतं, म्हणून तीन टनांचे तीन किलो होतात. आकार बदलला की बळाचा हिशेब बदलतो, हे गॅलिलिओने १६३८ सालच्या ग्रंथात मांडलंच आहे. पण आभाळ कुणाचं माप घेऊन बर्फ पाडत नाही. दहा सेंटिमीटरचा थर माझ्या ट्रकपुढे एक मीटरचा. वरचा गोठलेला पापुद्रा मोठ्या ट्रकला जाणवतही नाही, याला मात्र तो अडवून ठेवतो. उणे पंधराचा कोरडा बर्फ ज्वारीच्या पिठासारखा उडतो. शून्याच्या आसपासचा ओला तेवढ्याच जागेत तिप्पट-चौपट जड. म्हणून बर्फ पडायला लागताच बाहेर पडायचं आणि थर साचू न देता फेऱ्या मारत राहायचं. रस्त्यावरचे प्लाउवालेही वादळ थांबायची वाट पाहत बसत नाहीत.

बाकी सगळी चुळबुळ बारीक. पात्यामागे स्प्रिंगा आहेत, फरशीची कड लागली की पातं पुढे दुमडतं आणि ट्रक वाचतो. त्या ढिल्या ठेवल्या तर ओल्या बर्फापुढेही पातं मान टाकतं, घट्ट केल्या तर प्रत्येक सांध्यावर ट्रकला हिसका बसतो. मागच्या हौद्यात शिशाची वजनं, नाहीतर चाकं जागच्या जागी फिरतात. बॅटरी निघेपर्यंत जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवायची, कारण गारठ्यात लिथियम बॅटरीचा दम लवकर जातो.

घरासमोरचा सगळा ड्राइव्हवे अर्थातच यंत्राने साफ होतो. ट्रककडे दारापासून टपालपेटीपर्यंतची वाट आहे, आणि ती तो खरोखर साफ करतो.

मुलगी आता टेक्सासमध्ये असते. गेल्या महिन्यात तिने व्ही आकाराच्या पात्यासाठी बिजागरीचं डिझाइन पाठवलं, थ्रीडी प्रिंटरवर काढायचं. काम चोख आहे. फक्त दोन्ही पंख किती मागे वळवायचे यावर आमचं जमलेलं नाही. ती पस्तीस अंशांवर अडून आहे. मी तिसाच्या पुढे जायला तयार नाही, कारण एक पंख आधी बर्फात रुतला तर ट्रकचं नाक त्याच बाजूला फिरतं. “बाबा, मागे अजून वजन टाका ना,” असं तिचं म्हणणं. वजन टाकलं की मोटर तापते, हे तिला फोनवरून दिसत नाही.