बारा सेंटिमीटरवरून दिसलेला रस्ता

पुणे-मुंबई प्रवास म्हटलं की आपली गाडी एक्स्प्रेस-वेवरच अडकते. घाटात किती ट्रॅफिक होता, फूड मॉलवर किती गर्दी होती, तीन तास लागले की पाच. पण मंडळी, एकदा जमिनीला चिकटलेल्या स्पोर्ट्स कारमधून हा प्रवास करून बघा. साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा एक्स्प्रेस-वे हा त्यातला सगळ्यात निवांत भाग वाटायला लागतो. खरं थ्रिल असतं ते पहिल्या आणि शेवटच्या पन्नास फुटांत. म्हणजे दोन्हीकडच्या सोसायट्यांच्या गेटपाशी!

माझा आतेभाऊ, आमचा दादा, हिंजवडीत नोकरी करतो. दहा-बारा वर्षं पैसे साठवून त्याने एक सेकंडहँड, दोन सीटची, लाल स्पोर्ट्स कार घेतली. गाडी पहिल्यांदा दाखवायची ती आईला, हे त्याचं ठरलेलंच होतं. आत्या राहते विलेपार्ले पूर्वेला, जुन्या सोसायटीत, तळमजल्यावर. एप्रिल २०२४ मधल्या एका रविवारी पहाटे आम्ही कोथरूडहून निघालो. माझं काम एकच : दिसेल त्या उंचवट्यापाशी खाली उतरायचं, वाकून बघायचं आणि हात हलवायचा.

पोट आणि नाक

आधी थोडा हिशेब. आपल्या नेहमीच्या हॅचबॅकचं पोट जमिनीपासून साधारण १६ ते १७ सेंटिमीटर वर असतं. दादाच्या गाडीचं फक्त १२. पाच सेंटिमीटरने काय फरक पडतो, असं वाटेल. पण गाडी घासते दोन जागी. एक, नाक. पुढच्या चाकांच्याही पुढे जवळजवळ ९० सेंटिमीटर बाहेर आलेलं. चाक चढावर पोचायच्या आधी नाकच चढाला भिडतं. दुसरं, पोट. पुढची चाकं उंचवट्याच्या पलीकडे, मागची अलीकडे आणि मधली गाडी त्याच्यावर!

गंमत म्हणजे नियमाप्रमाणे बांधलेला स्पीडब्रेकर या गाडीला काहीही करत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापात तो १० सेंटिमीटर उंच असतो, पण ३.७ मीटर रुंद. म्हणजे दोन्ही चाकं एकाच वेळी त्याच्या पाठीवर बसतात आणि पोटाखालचे चारएक सेंटिमीटरच कमी होतात. खरा व्हिलन म्हणजे हौसेने घातलेला, हातभर रुंदीचा डांबराचा किंवा सिमेंटचा दगडी वरवंटा. तो १२ सेंटिमीटर उंच असेल, तर पूर्णच्या पूर्ण १२ सेंटिमीटर पोटात घुसतो.

कोथरूडच्या आमच्या गल्लीत असे तीन वरवंटे आहेत. तिन्ही तिरके घेतले. तिरकं घेतलं की एका वेळी एकच चाक चढतं, गाडीचा तो कोपरा वर उचलला जातो आणि नाक सुटतं. पुढे चांदणी चौक, हायवे आणि एक्स्प्रेस-वे. खंडाळ्याच्या वळणांवर गाडी अशी काही चिकटून चालत होती की दादाच्या चेहऱ्यावर दहावीच्या निकालाचं हसू! इतक्या खालून घाटही वेगळाच दिसतो. ट्रकची चाकं तुमच्या खांद्याला येतात आणि ड्यूक्स नोजचा सुळका बघायला मान पार मागे टाकावी लागते.

पार्ल्याचं गेट

मुंबईत शिरलो. सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोडवरून हायवेला आणि तिथून पार्ल्यात. ज्यांनी पार्ल्यात बालपण काढलंय त्यांना माहितीये, इथे स्टेशनजवळ आलं की बिस्किटांचा वास यायचा. तो कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. वास गेला, आता क्रेन दिसतात. हनुमान रोडच्या आसपास दर दुसरी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलेली. आत्याची अजून जुनीच आहे. तीन मजले, पुढे आंब्याचं झाड आणि सरकतं लोखंडी गेट.

आणि त्या गेटच्या आत, जमिनीवर, पंधरा सेंटिमीटर उंचीचा सिमेंटचा उंबरा. दोन्ही बाजूंना जेमतेम दीड-दीड फुटाचा उतार. बारा सेंटिमीटरच्या गाडीला पंधरा सेंटिमीटरचा उंबरा! तिरकं घ्यावं तर गेटचे खांब आडवे. दादा म्हणाला, “जाणारच नाही रे.” गाडी बाहेर गल्लीत लावली. आत्या चप्पल घालून गेटपाशी आली, गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाली, “छान आहे हो. पण ही रात्री बाहेर ठेवणार का तू?”

दादा वैतागला. “कमिटीला सांग, हा उंबरा काढून टाका. कशाला पाहिजे तो?”

आत्या काही बोलली नाही. आत गेली आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवरची एक पुसट रेघ दाखवली. गुडघ्याच्या वर. २६ जुलै २००५. त्या दिवशी चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. आत्याचा फ्रिज, दादाची शाळेची सर्टिफिकेटं, आजोबांची पेटी, सगळं त्या पाण्यात गेलं. उंबरा त्यानंतर बांधला. आणि रस्ता तर दर डांबरीकरणात थोडाथोडा वर चढत गेलाय. पूर्वी दोन पायऱ्या चढून कंपाउंडमध्ये जायचो. आता रस्ता आणि कंपाउंड एका पातळीला. तो उंबरा काढला की पहिल्या मोठ्या पावसात पाणी थेट आत्याच्या हॉलमध्ये, नाहीतर मीटर रूममध्ये.

दादा त्या रेघेकडे बघत राहिला. मग म्हणाला, “टेप आहे का घरात?”

उंची नव्हे, लांबी

दुपारी जेवण झाल्यावर आम्ही जमिनीवर खडूने रेघा मारायला बसलो. मुद्दा साधा होता. पाणी अडवते ती उंची. गाडी अडवतो तो उतार. मग उंची तीच ठेवायची आणि उतार लांबवायचा.

दीड फुटात पंधरा सेंटिमीटर चढायचं म्हणजे एकास तीनचा चढ. तोच दीड मीटरवर पसरला की एकास दहा. नाकाच्या ९० सेंटिमीटरला चढ भिडतो तो ९ सेंटिमीटरचा. गाडीकडे आहेत १२. सुटली! पण इथेच बरेच लोक फसतात. दोन लांब उतार टोकाला टोक जोडले तर मध्ये कणा तयार होतो आणि या गाडीच्या दोन चाकांमधलं साधारण अडीच मीटरचं अंतर लक्षात घेता पोट पुन्हा त्या कण्यावर टेकतं. म्हणून मध्ये एक मीटरचा सपाट माथा हवाच. मग पोटातले सातेक सेंटिमीटर जातात, पाचेक उरतात. एकूण लांबी चार मीटर.

ही चार मीटर सगळी गेटच्या आत घ्यायची, कारण बाहेरचा फुटपाथ आणि गटार महापालिकेचं. तिथे स्वतःचा कोबा ओतता येत नाही. सुदैवाने गेट सरकतं आहे, आत उघडणारं असतं तर ते उंचवट्यालाच अडलं असतं. उंचवटा दोन्हीकडे कंपाउंडच्या भिंतीला घट्ट जोडलेला हवा, नाहीतर पाणी बाजूने वाट काढणार. आणि आत पडलेल्या पावसाला बाहेर जायला जाळी हवी.

कमिटीची मीटिंग झाली. “एका गाडीसाठी सगळ्यांनी का?” हा प्रश्न आलाच. उत्तर दादाने नाही, दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी दिलं. ते वॉकर घेऊन चालतात. तो उंबरा त्यांना रोज दोनदा अडवायचा. कुणीतरी गॅस सिलिंडरच्या ढकलगाडीचं नाव काढलं, कुणी बाळाच्या प्रॅमचं. खर्च दादाने उचलला. मे महिन्यात गवंडी आला, काम तीन दिवसांत संपलं. कोबा नीट मुरेपर्यंत आठवडाभर गाड्या बाहेर.

जुलैत गल्लीत घोटाभर पाणी साचलं. माथ्याच्या खाली दोन बोटं थांबलं. आत्याने फोन करून दादाला एवढंच सांगितलं, “हॉल कोरडा आहे. पुढच्या शनिवारी गाडी घेऊन ये, मला जुहूला जायचंय.”

तुमची गाडीही खाली लागते?

• आधी मोजा. नाकाची उंची, नाक ते पुढचं चाक, दोन चाकांमधलं अंतर. दोन माणसं आणि सामान भरून मोजा, कारण रिकामी गाडी जास्त उंच असते.

• शक्य तिथे तिरकं घ्या. ४५ अंशात घेतलं तर एकास सहाचा चढ गाडीला जवळजवळ एकास साडेआठचा लागतो.

• चालण्याच्या वेगाने जा आणि चढाच्या तोंडाशी ब्रेक दाबू नका. ब्रेक लागला की नाक खाली झुकतं.

• चढाच्या पायथ्याशी चार-पाच सेंटिमीटर जाडीच्या दोन फळ्या किंवा रबरी रॅम्प चाकांच्या रेषेत ठेवा. चाक आधी वर येतं, नाक सुटतं. डिकीत मावतील असेच घ्या.

• काही गाड्यांचं मागचं टोक पुढच्यापेक्षा आखूड आणि उंच असतं. तिथे रिव्हर्सने आत जाऊन बघा.

• नवी गाडी घेताय? बटणावर नाक सुमारे चार सेंटिमीटर उचलणारी सोय काही स्पोर्ट्स कारमध्ये मिळते. मोठ्या व्हील्सआधी तिच्यावर पैसे घाला.

• आणि गेटवरचा उंबरा फोडायला सांगण्याआधी, तो का बांधला ते तळमजल्यावर जाऊन विचारा.