अब्बांची चासी

जीप रंगवली असे सांगितले की लोक बॉनेटकडे बघतात. आम्ही दोघा भावांनी जो रंग मारला तो कुणाला दिसणार नाही. तो खाली आहे, चासीला. बॉडी अजून परसात माडाला टेकवून ठेवली आहे.

जीप अब्बांची. १९७१ सालची सीजे-३बी, उंच बॉनेटची. जुनी विकत घेऊन अब्बांनी चिपळूणच्या आसपास तिच्यावर वीसेक वर्षे वडाप केले. दहा-बारा माणसे कोंबलेली, त्यांच्या पायांत आंब्याच्या पेट्या. चढण आली की अब्बा हटकून सांगायचे, या जीपच्या कंपनीचे १९४५ सालचे नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' होते. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली पाटीवर दोन्ही महिंद्राच उरले. हे सांगताना अब्बांना कसला आनंद व्हायचा, ते आम्हाला लहानपणी कळत नसे.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी गावात शिरली. अब्बा तोवर गेले होते. जीप दिवसभर पाण्याखाली राहिली. शेजाऱ्यांच्या गाड्यांना विम्याचे पैसे मिळाले. आमच्या जीपची किंमत भंगारवाल्याने किलोवर सांगितली. आम्ही ती विकली नाही आणि दुरुस्तही केली नाही. दोन पावसाळे ती तशीच ताडपत्रीखाली राहिली.

मग एका हिवाळ्यात आठ जणांना बोलावून बॉडी उचलली. खाली उरली ती शिडीसारखी चासी, दोन लांब दांडे आणि त्यांना जोडणारे आडवे. दांड्यांचा जो भाग बंद पेटीसारखा आहे, त्यात पुराचा गाळ विटेसारखा बसला होता. पाणी निघून जायची भोकेच बुजली होती. सायकलच्या ब्रेकची तार आत घालून, पाण्याचा मारा करून आम्ही दोन बादल्या गाळ काढला.

पहिल्या दिवशी आम्ही उत्साहात ग्राइंडरला तारेचा ब्रश लावला. ती चूक होती. तेलकट लोखंडावर ब्रश फिरवला की तेल निघत नाही, पसरते. आधी डिझेल आणि खरवडणी, मग साबणाचे पाणी, आणि सगळे सुकल्यावर गंजाला हात. चासी नंबरापाशी मात्र ग्राइंडर नेलाच नाही. तिथे हाताने हलका ब्रश मारून वर दुहेरी टेप लावली. तो आकडा पुसला गेला तर कागदोपत्री गाडीच उरत नाही.

मागच्या डाव्या स्प्रिंगच्या हँगरजवळ डांबरी रंगाचा बोटभर थर होता. तो काढला तर खाली तळहाताएवढी लोखंडी पट्टी निघाली, चारही बाजूंनी वेल्डिंग केलेली. वेल्डिंग वेडेवाकडे, घाईतले. चासी तुटली होती. आणि अब्बा तर मरेपर्यंत सांगत होते, "चासीला कधी हात लावावा लागला नाही!"

एका कारागिराला दाखवले. तो म्हणाला, "कशाला त्रास घेता? दुसरी चासी आणा, त्यावर तुमचा नंबर ठोकून देतो." आम्ही त्याला चहा पाजून वाटेला लावले.

जुन्या फिटरांची एक पद्धत आहे. संशयाच्या जागी रॉकेल लावायचे, पुसून कोरडे करायचे आणि वर खडूची पूड घासायची. भेग असेल तर आत मुरलेले रॉकेल खडूवर ओली रेघ उमटवते. अब्बांची पट्टी कोरडी राहिली. रेघ उमटली ती पट्टी संपते तिथे, मूळ दांड्यावर, दोन इंच. पट्टीचे टोक सरळ आडवे कापलेले होते. अशा टोकाशी सगळा ताण गोळा होतो आणि जोड टिकून शेजार तडकतो.

थोरल्याचे म्हणणे, पट्टी कापून नवी बसवू. धाकटा म्हणे, धरून आहे ती कशाला तोडायची? दोन दिवस आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही. शेवटी अम्मीला विचारले. ती म्हणाली, "आपाच्या लग्नाच्या आधीचं वर्ष. टायरांना पैसे हवेत म्हणाले, मी दोन बांगड्या दिल्या."

"आणि टायर?"

"टायर जुनेच होते. मला दिसत नव्हतं का?"

चासी तुटली हे गावाला कळते तर दुसऱ्या दिवशी जीपमध्ये कोण बसले असते? अम्मी मात्र त्याच जीपने माहेरी गेली होती, आम्हा दोघांना मांडीवर घेऊन. हे आठवले आणि आम्ही दोघेही गप्प झालो.

पट्टी ठेवली. भेगेच्या टोकाला भोक पाडले, म्हणजे ती पुढे सरकत नाही. भेग खोल घासून वेल्डिंग भरून घेतले आणि पट्टीचे कोपरे गोल केले.

रंगात आम्ही पुन्हा फसलो. संध्याकाळच्या दमट हवेत रेड ऑक्साइड मारला, आठवड्यात तो दुधावरच्या सायीसारखा सुटला. सगळा काढला. जानेवारीत, ऊन वर आल्यावर, दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर घेतला. पहिल्या खेपेस जास्त कालवला, तो डब्यातच दगड झाला. कडांवर रंग पातळ बसतो, म्हणून कडा आधी ब्रशने भरल्या. आट्यांत जुने बोल्ट फिरवून ठेवले. वर काळ्या इनॅमलचे दोन पातळ हात दिले. पीयू रंग फवारला असता तर चकाकी आली असती. पण त्याच्या हार्डनरच्या वाफेपुढे कापडी मास्क काही कामाचा नाही, आणि घरात मुले आहेत. पट्टीवर पुट्टी मात्र लावली नाही. काळ्या रंगाखालीही ते वेडेवाकडे वेल्डिंग बोटाला लागते.

२०२१च्याच जुलैमध्ये केंद्राने पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. त्यात गाडी मूळ रूपात लागते, आणि अशी गाडी रोज वापरता येत नाही. अब्बांनी तर इंजिनही डिझेलचे बसवले होते! आम्ही त्या वाटेला गेलो नाही.

नंबरावरची टेप काढून कागदावर पेन्सिलने छाप घेतला. सगळे आकडे आले. अम्मीने तो कागद आरसी बुकात ठेवला आणि विचारले, "मग आता टायर कधी?" टायर नंतर. यू-बोल्ट अजून मिळालेले नाहीत, आणि पावसाळ्याआधी स्प्रिंगा चढवायच्या आहेत.