तळणीचा सूर्य

अकोल्याहून नागपूरकडे निघालेली गाडी बडनेरा, चांदूर, धामणगाव मागे टाकते आणि वर्धा नदीच्या अलीकडे तळणी नावाचे लहानसे स्टेशन येते. मोठ्या गाड्या इथे थांबत नाहीत. दोन्ही बाजूंना काळी जमीन, कापूस आणि तूर. नदी ओलांडली की पुलगाव.

अमरावती जिल्ह्याच्या या टोकाला 22 जानेवारी 1898 रोजी भर दुपारी अंधारून आले होते. खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकणातल्या विजयदुर्गावरून, सोलापूरकडच्या जेऊरवरून वऱ्हाडात आला होता. तेव्हा वऱ्हाड नावाला निजामाचे आणि कारभार इंग्रजांचा. जेऊरला पुण्याचे पारशी प्राध्यापक कावसजी नायगमवाला दुर्बिणी घेऊन बसले होते. तळणीला इंग्लंडहून आलेल्या ज्योतिर्विदांचा तळ होता. त्यात ॲनी माँडर होत्या. ग्रीनिच वेधशाळेत त्या सूर्याच्या छायाचित्रांवर काम करत. 1895 मध्ये लग्न झाले आणि तेव्हाच्या नियमाने नोकरी गेली. काम मात्र त्यांनी सोडले नाही.

त्यांच्या कॅमेऱ्याची लेन्स अवघी दीड इंचाची होती. पण तिचे नाभीय अंतर कमी असल्याने अंधुक प्रकाशही काचेवर नीट उमटत असे. सूर्य झाकलेला राहिला सुमारे दोन मिनिटे. तेवढ्यात त्यांनी सूर्याच्या प्रभामंडळातला एक किरण टिपला. त्याची लांबी जवळपास एक कोटी किलोमीटर, म्हणजे सूर्याच्या व्यासाच्या सातपट! तोवर इतका लांब किरण कुणाच्याच छायाचित्रात आला नव्हता.

ग्रहण नेहमी अमावास्येलाच होते. ते ग्रहणही शाबान संपता संपता, रमजानच्या तोंडावर आले होते. ग्रहणाची भीती आपल्याही काही घरांत अजून आहे. गर्भवतीने सुरीला हात लावू नये, असे सांगितले जाते. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे लहानगे पुत्र इब्राहीम वारले त्या दिवशी ग्रहण लागले. लोक दोन्हींचा संबंध जोडू लागले, तेव्हा त्यांनी स्पष्ट केले की सूर्य-चंद्र अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या मरण्या-जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही. ग्रहण दिसले की नमाज आणि दुआ, हीच शिकवण.

जपायचे ते डोळ्यांना. सूर्य पूर्ण झाकलेला असतो तेवढ्याच क्षणांत फिल्टर काढता येतो. खंडग्रास ग्रहणात तो क्षण येतच नाही. सूर्यासाठीचा खास फिल्टर एक लाख भागांतला साधारण एकच भाग प्रकाश आत सोडतो. तो लेन्सच्या पुढे बसवायचा, मागे नव्हे. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल, यांपैकी काहीही चालत नाही. फिल्टर नसेल तर चाळणी उन्हात धरा: जमिनीवर प्रत्येक छिद्रागणिक एक छोटी चंद्रकोर उमटेल. मुलांना तिचा फोटो खुशाल काढू द्या.

2 ऑगस्ट 2027 रोजी मक्का आणि जिद्दा खग्रास पट्ट्यात असतील. आपल्याकडे सूर्याचा थोडा भाग झाकलेला दिसेल, तोही पावसाळी ढगांनी वाट दिली तर. हरम शरीफवर भरदिवसा अंधार उतरेल, तेव्हा वऱ्हाडातल्या अंगणात एका हाताला चाळणी असावी आणि मनात दुआ.