दोन बोटांचा समास

बोरू छाटताना चाकू अंगाकडे आणायचा नाही, बाहेर न्यायचा. शनिवारी सकाळी सरांनी हे आधी बजावलं आणि मगच बोरू हातात दिला. टोकाला लांबट उतार द्यायचा, आतला भुसभुशीत गाभा खरवडून काढायचा, शाई नीट उतरावी म्हणून मधोमध बारीक चीर पाडायची आणि शेवटी टोक तिरकं उडवायचं. रोमन अक्षरांसाठी हा काप एका बाजूला, देवनागरीसाठी त्याच्या उलट. अक्षराचा जाड-बारीकपणा कागदावर येण्याआधीच त्या कापात ठरलेला असतो.

सुलेखनाची ही दोन दिवसांची कार्यशाळा रोडपालीतच होती, एका सोसायटीच्या हॉलमध्ये. सतरंज्या, चौरंग, जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि खिडकीतून येणारे ट्रेलरचे हॉर्न. कळंबोलीचं स्टील मार्केट जवळ असल्यामुळे इकडे शांतता अशी नसतेच. मी सिडकोच्या सेक्टरमधली, माझी मैत्रीण मूळ रोडपाली गावातली. मला आपलं अक्षर सुधारावं एवढंच वाटत होतं. ती मात्र काम घेऊन आली होती.

ते काम तिच्या पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं होतं. आजोबांची भजनाची वही. गावच्या हरिनाम सप्ताहात म्हणायचे अभंग, गौळणी, भैरव्या त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवून घेतलेल्या. कागद महाग, म्हणून या कडेपासून त्या कडेपर्यंत भरून लिहिलेलं. आता कडा झडल्यात आणि जवळजवळ प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द त्यांच्याबरोबर गेलाय. गेलेले शब्द तिच्या आईला तोंडपाठ आहेत, पण उरलेलं बारीक अक्षर आईला दिसत नाही. "आई आहे तोवर उतरवून काढायचंय, आणि तिला वाचता येईल एवढं मोठं," ती म्हणाली.

ती वही पाहिली आणि मला समर्थ आठवले. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळं आणि मोकळं असावं, शाई काळीभोर असावी, काना, मात्रा, वेलांटी जिथल्या तिथे असावी, हे तर ते सांगतातच. पण त्यापुढचं मला फार मोलाचं वाटतं. तरुणपणी फार बारीक लिहू नका, म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही, मध्यम लिहा. कागदाच्या चारी बाजूंना जागा सोडा, म्हणजे कागद झडला तर ती मोकळी जागा झडेल, अक्षर वाचेल. साडेतीनशे वर्षांपूर्वी एक संन्यासी म्हाताऱ्या डोळ्यांचा आणि झिजणाऱ्या कागदाचा इतका बारकाईने विचार करतो! सुलेखन म्हणजे लिहिणाऱ्याची कलाकुसर असं आपण धरून चालतो. समर्थांच्या मनात मात्र वाचणारा आहे, तोही अजून न जन्मलेला.

शनिवारचा सगळा दिवस नुसत्या रेघांत गेला. आडव्या, उभ्या, तिरक्या, मग अर्धगोल. गोल जमला की व, व जमला की ब आणि क. ही एका घरातली अक्षरं. मग सरांनी फळ्यावर मोडीची एक ओळ काढून दाखवली. मोडीत शिरोरेषा आधी, कागदाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि अक्षरं मागाहून तिच्याखाली धावत जाणार. हात शक्यतो उचलायचा नाही. दफ्तरांचा ढीग उरकणाऱ्या कारकुनांची ती लिपी. बाळबोधीत उलट: अक्षर पूर्ण होतं, मग त्याच्या डोक्यावर रेघ येते. याच मोडीच्या अभ्यासातून अच्युत पालवांचं सुलेखन घडलं. त्यांची सुलेखनाची शाळा आमच्या नवी मुंबईतच आहे आणि 2025 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. र. कृ. जोशींचं नाव कमी लोकांना माहीत असतं, पण संगणकावरचा 'मंगल' हा टंक त्यांचा. सरकारी पत्रांपासून लग्नाच्या याद्यांपर्यंत कितीतरी मराठी त्या अक्षरांत टाईप झालं आहे. तेही हाताने अक्षर गिरवलेल्या माणसाचंच काम.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही रस्त्यापर्यंत चालत गेलो. लोखंडाच्या कॉइल लादलेला एक ट्रेलर उभा होता. त्याच्या फाळक्यावर पेंटरने गावाचं नाव रंगवलेलं: पिवळं अक्षर, उजवीकडे लाल सावली. मैत्रीण त्यातल्या 'ग'च्या गाठीपाशी अडकली. ब्रश कुठे टेकला, कुठे वळला, कुठे उचलला, हे ती बोटाने हवेत काढत होती. आमच्याकडच्या दुकानांच्या पाट्या केव्हाच फ्लेक्सच्या झाल्या. हाताचं अक्षर या रस्त्यावर आता येतं ते बहुतेक परराज्यातून, मालाबरोबर. याचं मला वाईट वाटतं. पाटी रंगवणारा माणूस समोरच्या रस्त्याची रुंदी पाहून, वाचणारा किती लांबून येणार हे जोखून अक्षर बेतायचा. फ्लेक्सवाल्याला तो रस्ता बघावाच लागत नाही.

रविवारी तिने वहीतलं पहिलं पान घेतलं. चारी बाजूंना दोन-दोन बोटं जागा सोडून पेन्सिलीने चौकट आखली. ओळीत कुठे शब्द गळला असेल तिथे आईला फोन लावायचा, आई तो म्हणून दाखवणार, म्हणजे चालीसकट, कारण चालीशिवाय तो तिला आठवत नाही. हॉलमधले सगळे हात थांबवून ऐकत होते. आजोबांनी एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकवलं होतं. "ते तसंच ठेवणार," ती म्हणाली. सर काही बोलले नाहीत. मला तिचं पटलं. तो त्यांचा हात आहे.

वही जाडजूड आहे, एकटीने होणारी नाही. त्यामुळे मागची अर्धी मी लिहायची असं ठरलंय. अडचण 'र'ची आहे. तिचा 'र' गळ्याशी भरदार, पाय लांब, माझा बारकुडा. समर्थांची अट अशी की पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सगळं एकाच टाकाने लिहिल्यासारखं दिसलं पाहिजे. अभंगांच्या वहीत 'र' टाळणार कसा, राम आहे, हरि आहे, पंढरी आहे. तेव्हा आता दर रविवारी दुपारी तिच्या ओटीवर बसून आम्ही दोघी नुसता 'र' गिरवतो आहोत. कुणाचा ठेवायचा ते तिची आई ठरवणार, तिला ज्याचा लांबून वाचता येईल त्याचा.